अहिफेनाची कुळकथा

कोणत्याही मादक द्रव्यावर लिहूं गेलें असतां लेखकापुढें दोन सोपे मार्ग येतात. एक उपदेशाचा, दुसरा नवलकथेचा. पहिल्या मार्गानें गेल्यास द्रव्य केवळ विष ठरतें आणि तें घेणारा केवळ दुबळा ठरतो. दुसऱ्या मार्गानें गेल्यास बादशहांचे प्याले आणि दरबारांतील गमती यांनीं वाचकांची करमणूक होते. पदरांत मात्र कांहीं पडत नाहीं. आम्ही हे दोन्ही मार्ग बाजूस ठेवून अफूची वंशावळ सांगणार आहों. ती आज सांगण्याचें कारण असें कीं, आग्नेय आशियांतील ‘क्रॅटम’ नांवाच्या झाडाचा पाला व त्यांतून काढलेले अर्क यांविषयीं पाश्चात्य देशांत मोठा वाद चालू आहे. हा पाला अफूच्या बोंडाचा कोणी लागत नाहीं. परंतु त्याचा शरीरावरील व्यापार पुष्कळ अंशीं अफूसारखा आहे, आणि त्याच्या बाजूनें जीं प्रमाणें पुढें करण्यांत येतात तीं सर्व अफूच्या इतिहासांत पूर्वींच येऊन गेलीं आहेत. ‘हें नैसर्गिक आहे’, ‘हें औषध आहे’, ‘हा पहिल्या व्यसनावरचा उतारा आहे’, ‘बेतानें घेतल्यास बाधत नाहीं’, हीं चार वाक्यें कित्येक शतकें निरनिराळ्या तोंडांतून निघत आलीं आहेत. त्यांपैकीं एकही सर्वस्वी खोटें नाहीं. आणि म्हणूनच त्यांचा पडताळा पाहणें अवश्य आहे.

या वंशावळीचा आरंभ पाहण्यास आम्हांस फार दूर जावें लागत नाहीं. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे २०२३ सालापर्यंतचें औरंगाबाद, या शहराच्या वायव्येस सुमारें १५ किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें यादवांचा करणाधिप हेमाद्रि, म्हणजे आपला हेमाडपंत, राज्यकारभार पाहत असे. त्याचा धर्मशास्त्रावरील ग्रंथ सर्वांस ठाऊक आहे. पण त्यानें वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीकाही लिहिली, ही गोष्ट तितकीशी प्रसिद्ध नाहीं. चरक, सुश्रुत व वाग्भट या तिघांच्याही ग्रंथांत अफूचें नांव आढळत नाहीं. तें आढळूं लागतें तें हेमाद्रीच्या काळाच्या आगेमागें रचलेल्या वैद्यकग्रंथांत, आणि त्यांतही विशेष ठळकपणें ‘शार्ङ्गधरसंहिते’त. ग्रीकांचें ‘ओपिऑन’ अरबांच्या मुखीं ‘अफयून’ झालें. त्याच अफयूनाला आपल्या पंडितांनीं ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, असें संस्कृत रूप दिलें असावें, असा विद्वानांचा तर्क आहे. नांव देणारानें ध्वनीबरोबर अर्थही साधला, असें म्हणावेंसें वाटतें.

शार्ङ्गधरानें या द्रव्याविषयीं एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. जें द्रव्य आधीं सर्व शरीरभर पसरतें आणि मग पचतें त्यास तो ‘व्यवायी’ म्हणतो, व याचीं उदाहरणें म्हणून भांग आणि अहिफेन यांचीं नांवें देतो. अन्नाचा क्रम याच्या उलट. तें आधीं पचतें, मग त्याचा रस पसरतो. मनुष्यास अंकित करण्याच्या शक्तीशीं या त्वरेचा संबंध आहे, हें आजचें शास्त्रही सांगतें. द्रव्य जितकें लवकर मेंदूस पोंचेल, तितकी त्याची ओढ अधिक. जुन्या वैद्यांनीं अतिसारावर अफूचा जो उपयोग केला तो खराखुरा उपयोग होता. तात्पर्य, आपल्याकडे अफू आली ती वैद्याच्या खलबत्त्यांतून, प्रतिष्ठित पाहुणी म्हणून आली.

तीच अफू मोगलांच्या दरबारांत दुसऱ्या वेषानें दिसते. मलिक अंबरानें १६१० सालीं ज्या खडकी गांवास राजधानीचें रूप दिलें, तेंच पुढें औरंगाबाद झालें. ही खडकी १६१६ सालीं जहांगिराच्या सैन्यानें जाळली. ज्या बादशहाच्या नांवानें हें सैन्य दक्षिणेंत लढत होतें, त्यानें आपल्या व्यसनाची हकीकत आपल्या आत्मचरित्रांत कांहींही न लपवितां लिहून ठेविली आहे. अठराव्या वर्षीं त्यानें मद्याचा पहिला घोट घेतला. नऊ वर्षांत मजल दुबार गाळलेल्या दारूच्या वीस प्याल्यांवर गेली. हात इतके कांपूं लागले कीं प्याला दुसऱ्यानें तोंडास लावावा लागे. तेव्हां हकीम हुमाम यानें, असेंच चाललें तर सहा महिन्यांत उपाय खुंटेल, असें स्पष्ट सांगितलें. जहांगिरानें दारू उतरवीत आणली खरी. पण जसजशी ती उतरली तसतसें तो ‘फिलूनिया’ हें अफूचें मिश्रण वाढवीत गेला, आणि पुढें मिश्रणाच्या जागीं निखळ अफू घेऊं लागला. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीं आठ गुंजा दिवसा व सहा गुंजा रात्रीं, असा त्याचा नेम होता. चौदा गुंजा म्हणजे दीड ग्रॅमाहून अधिक अफू. नवशिक्यानें ही मात्रा एकदम घेतली तर त्याचा जीव धोक्यांत येईल; बादशहा मात्र ती रोज घेऊन दरबार भरवीत असे. एका व्यसनाचा उतारा म्हणून दुसरें व्यसन कसें घरांत शिरतें, याचा इतका प्रामाणिक दाखला इतिहासांत क्वचितच सांपडेल.

या नेमाचा शेवट कसा होतो तेंही जहांगिराच्याच पदरच्या चितारांनीं दाखवून ठेविलें आहे. १६१८ सालीं इनायतखान नांवाचा त्याचा एक सेवक अफू आणि मद्य यांपायीं मरणपंथास लागला. त्याचें हाडांवर ताणलेलें कातडें पाहून बादशहास इतकें नवल वाटलें कीं त्यानें चितारांस बोलावून तें रूप काढून घेतलें. दुसऱ्या दिवशीं खान मेला. त्याचा कच्चा आराखडा आज बॉस्टनच्या संग्रहालयांत व रंगविलेलें चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे. लोडांना टेकलेला तो अस्थिपंजर ज्यानें एकदां पाहिला त्यास या विषयावर निराळें व्याख्यान नको. तथापि हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे कीं, त्याचें चित्र काढविणारा स्वतः अफू घेत होता, आणि ती त्यानें त्या दिवसानंतरही सोडली नाहीं.

औरंगजेब हा या बाबतींत आपल्या आजाहून अगदीं वेगळा. तो व्यसनापासून अलिप्त होता. दक्षिणेच्या दुसऱ्या सुभेदारीच्या वेळीं, १६५३ सालीं, त्यानें खडकीस आपलें नांव दिलें. त्याच्या सैन्यांतील रजपूत सरदार या शहरांत वर्षानुवर्षें मुक्कामास असत. महाराजा जसवंतसिंग त्यांपैकींच एक. बर्निये या फ्रेंच प्रवाशानें लिहिलें आहे कीं, रजपुतांस लहानपणापासून अफूची संवय असते व लढाईच्या दिवशीं ते नेहमींची मात्रा दुप्पट करितात. येथें अफू भीतीवरचें औषध झाली. मात्रा दुप्पट करावी लागते याचा अर्थच असा कीं नेहमींच्या मात्रेनें आतां कांहीं वाटत नाहीं. जी काल कैफासाठीं घेतली ती आज केवळ माणसांत राहण्यासाठीं घ्यावी लागते.

पण अफूचा सर्वांत भीषण उपयोग याच निर्व्यसनी बादशहानें केला. १६६१ सालच्या आरंभीं दाराचा मुलगा सुलेमान शुकोह यास कैद करून औरंगजेबापुढें उभें केलें, तेव्हां बर्निये दरबारांत हजर होता. तरुण राजपुत्रानें चुलत्यास इतकीच विनंति केली कीं, मला मारावयाचें तर आतांच मारा, पण ‘पोस्त’ पाजूं नका. बादशहानें पोस्त पाजणार नाहीं असें गंभीर वचन दिलें. पोस्त म्हणजे अफूचीं बोंडें ठेंचून रात्रभर पाण्यांत भिजवून काढलेलें पेय. ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत राजकैद्यांस हा पेला रोज सकाळीं देत, आणि तो रिता केल्यावांचून अन्न देत नसत. त्यानें मनुष्य हळूहळू वाळतो, त्याची बुद्धि मंदावते, आणि शेवटीं तो आपोआप मेल्यासारखा दिसतो. सुलेमानास याच किल्ल्यांत पाठविलें, वचन विसरून तोच पेला पाजिला, आणि १६६२ सालीं तो तेथेंच मेला. हाच औरंगजेब पुढें खुलताबादेस, देवगिरीपासून थोड्या कोसांवर, साध्या कबरींत पुरला गेला. त्या कबरीच्या साधेपणाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे; त्या पेल्याची आठवण फारशी कोणी करीत नाहीं.

आमच्या मतें अफूच्या साऱ्या इतिहासाची किल्ली या पेल्यांत आहे. वैद्याच्या हातांतील मात्रा रोग्याच्या हिताकडे पाहून ठरते. बादशहाची मात्रा त्याची स्वतःची तल्लफ ठरवी. ग्वाल्हेरच्या पेल्यांतील मात्रा पाजणाराच्या सोयीनें ठरली. द्रव्य तिन्ही ठिकाणीं तेंच. बदलला तो मात्रा ठरविणारा हात. म्हणून पुढील प्रत्येक पिढींत, द्रव्याचा जोर किती, आणि त्याची मात्रा ठरविणाराचा स्वार्थ कशांत, हे दोन प्रश्न आम्ही विचारणार आहों.

अठराव्या शतकांत माळवा शिंदे-होळकरांच्या अंमलाखालीं आला, आणि तेथील काळ्या मातींतील अफू हें मराठी संस्थानांच्या उत्पन्नाचें एक अंग झालें. बंगाल्यांतील अफूचा मक्ता इंग्रज कंपनीच्या हातीं होता; माळव्याच्या अफूस तो लागू करण्याचा तिनें पुष्कळ खटाटोप केला, पण संस्थानिक, सावकार आणि कारवान यांपुढें तिचें चाललें नाहीं. माल सिंधमार्गें कराचीस व तेथून पोर्तुगीजांच्या दमणास जाई. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीनें मक्त्याचा हट्ट सोडून परवान्याची पद्धत घातली: माल खुशाल मुंबईस आणा, पेटीमागें कर भरा. १८३५ सालीं हा कर पेटीस १२५ रुपये होता. १८४३ सालीं सिंध जिंकल्यामुळें कराचीची वाट बंद झाली, आणि १८४७ सालीं तोच कर ४०० रुपयांवर गेला. मुंबईच्या वैभवाचा एक मोठा वांटा या पेट्यांतून आला. सर जमशेटजी जिजीभाई यांची संपत्ति बरीचशी चीनच्या व्यापारांत, आणि त्यांतही अफूंत, झाली. त्याच संपत्तींतून त्यांचें रुग्णालय उभें राहिलें, व त्याच्या शेजारीं १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होऊन भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पहिले एतद्देशीय डॉक्टर तयार झाले. चीनच्या किनाऱ्यावर जें व्यसन विकलें, त्याच्या नफ्यांतून मुंबईच्या रोग्यांची शुश्रूषा झाली. या गोष्टीवरून जमशेटजींस आज आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावें असें आम्हांस वाटत नाहीं. पण हिशेब मांडतांना दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत.

विलायतेंत या व्यापाराविरुद्ध ओरड झाली, तेव्हां १८९३ सालीं लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालीं रॉयल कमिशन नेमलें गेलें. त्यानें हिंदुस्थानांत फिरून शेंकडों साक्षी घेतल्या आणि १८९५ सालीं निकाल दिला कीं, येथील लोक अफू बहुधा बेतानें घेतात, ती त्यांस फारशी बाधत नाहीं, व बंदी घालण्याचें कारण नाहीं. हेन्री विल्सन या एकट्या सभासदानें भिन्न मत नोंदविलें. कमिशनचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. खेड्यांतील म्हातारा सांध्यांच्या दुखण्यावर वाटाण्याएवढी गोळी घेई आणि वर्षानुवर्षें शेतीही करी, अशीं माणसें खरोखरच होतीं. पण ‘बहुधा’ या शब्दाच्या आड कोण राहिलें, हें पाहण्याची निकड कमिशनास वाटली नाहीं. सरकारी तिजोरीस तर मुळींच नाहीं.

त्या शब्दाच्या आड राहिलीं होतीं तीं पाळण्यांतलीं मुलें. मुंबईच्या गिरणींत दहा-अकरा तास राबणारी आई तान्ह्या मुलास खोलींत ठेवून जाई, आणि त्यानें रडूं नये म्हणून त्यास ‘बाळगोळी’ देई. या गोळींत अफू असे. मुंबई सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनीं १९२२ सालीं गिरणींतील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली, तेव्हां शंभरांतील ९८ मुलांस अफू दिली जाते असें त्यांस आढळलें. सी. एफ्. अँड्र्यूज यांनीं १९२६ सालीं हिंदुस्थानांतील अफूवर पुस्तक लिहून या प्रश्नास तोंड फोडलें. बाळगोळी देणारी आई निर्दय नव्हती. तिला पाळणाघर नव्हतें, रजा नव्हती, आणि गोळी स्वस्त होती. त्या मुलाची मात्रा गिरणीच्या भोंग्यानें ठरविली. ‘नैसर्गिक’ आणि ‘बेतानें’ या दोन्ही शब्दांची येथें जी परीक्षा झाली तिच्याहून कठोर परीक्षा आम्हांस सुचत नाहीं.

आमचें शहर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, व तेथील आबकारीचा कारभार निराळा होता. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें. पुढच्याच वर्षीं केंद्र व प्रांत यांनीं मिळून औषधाखेरीज अफूचा खप दहा वर्षांत बंद करण्याचें ठरविलें, आणि १ एप्रिल १९५९ पासून ती दुकानांतून गेली. १९८५ सालच्या अमली पदार्थविरोधी कायद्यानें दंड कडक केले. परवान्याची लागवड मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश येथें उरली. तरी २०१२ सालीं आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत, परळीच्या भागांत, पोलिसांस अफूचीं शेतेंच्या शेतें सांपडलीं. आम्ही तर खसखस पेरली, असें शेतकऱ्यांचें म्हणणें पडलें. खसखस आणि अफू हीं एकाच बोंडाचीं लेंकरें आहेत, हें मात्र खरें.

आतांपर्यंत सांगितली ती कच्च्या अफूची गोष्ट झाली. तिच्यांत अफूचा मुख्य जोर, म्हणजे मॉर्फीन, साधारणतः शंभरांत दहा भाग असतो. बाकीचें सारें चीक, डिंक आणि पाणी. अफूच्या वंशांतील मोठें स्थित्यंतर १८०५ च्या सुमारास झालें. जर्मनींतील झेर्ट्युर्नर नांवाच्या तरुण औषधविक्यानें हा जोर अफूंतून वेगळा काढला. १८५३ सालीं एडिंबर्गच्या अलेक्झांडर वुड यानें सुईनें औषध कातड्याखालीं घालण्याची युक्ति काढली. सुईनें मॉर्फीन दिल्यास तें पोटांत जात नसल्यामुळें अफूसारखी चटक लागणार नाहीं, अशी त्या वेळीं पुष्कळांची समजूत होती. ती चुकीची ठरली. १८७४ सालीं लंडनच्या राइटनें मॉर्फिनापासून एक नवें द्रव्य केलें; १८९८ सालीं बायर कंपनीनें तें ‘हेरॉइन’ या नांवानें खोकल्याचें औषध म्हणून बाजारांत आणलें आणि मॉर्फिनाची खोड यांत नाहीं असा त्याचा लौकिक झाला. तीही समजूत टिकली नाहीं. दारूस उतारा अफू, अफूस उतारा मॉर्फीन, मॉर्फिनास उतारा हेरॉइन. अशा रीतीनें प्रत्येक पिढी मागचीचा कर्जरोखा फेडण्यास आली आणि अधिक व्याजाचा रोखा लिहून गेली.

असें कां व्हावें, याचें उत्तर १९७३ सालीं मिळालें. मेंदूच्या पेशींवर या द्रव्यांसाठीं ठराविक ग्रहणस्थानें असतात असें तेव्हां सिद्ध झालें. १९७५ सालीं ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनीं त्या स्थानांवर बसणारें शरीराचें स्वतःचें वेदनाशामक द्रव्यही शोधून काढलें. बाहेरचें द्रव्य रोज त्या स्थानांवर येऊन बसूं लागलें म्हणजे पेशी त्यास सरावतात व तितक्या मात्रेस दाद देईनाशा होतात. मग मात्रा वाढते. आणि ती एकाएकीं थांबविल्यास अंग दुखणें, घाम, जुलाब, झोंपेचा नाश व जीवाची तगमग सुरू होते. ही शरीराची मागणी आहे. तिला केवळ चारित्र्याचा दोष मानणें अन्यायाचें होईल. अति मात्रेनें श्वास मंदावतो आणि मनुष्य निजल्या जागीं मरतो. द्रव्य जितकें शुद्ध, तितकें सुखाची मात्रा आणि मरणाची मात्रा यांतील अंतर चुकण्यास सोपें.

१९८० नंतर हेरॉइनाचा एक ओबडधोबड प्रकार मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ‘गर्द’ या नांवानें आला. अनिल अवचट यांनीं त्या मुलांमध्यें बसून लिहिलेल्या ‘गर्द’ या पुस्तकानें मराठी मध्यमवर्गास प्रथमच कळलें कीं हा रोग आपल्याही जिन्यावर चढला आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीनें, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानें, १९८६ सालीं पुण्यास ‘मुक्तांगण’ उभें राहिलें. त्या संस्थेनें महाराष्ट्रास शिकविलेली मोठी गोष्ट ही कीं, व्यसनी मनुष्य हा रोगी आहे, त्यास दारीं उभें करूं नये असें नाहीं, उलट आंत घ्यावें.

या पार्श्वभूमीवर क्रॅटम पाहूं. आपल्या कोरड्या रानांत आढळणारा कळंब वृक्ष वाचकांस ठाऊक असेल. क्रॅटम हें त्याचेंच भावंड. दोघांचें शास्त्रीय गोत्र ‘मित्रगायना’. फरक असा कीं ज्या द्रव्यामुळें क्रॅटमची ख्याति झाली तें ‘मित्रगायनीन’ आपल्या कळंबांत नाहीं. सयाम आणि मलायांतील मजूर उन्हांतान्हांत राबतांना हा पाला चावीत. थोडा घेतला तर हुशारी येते, अधिक घेतला तर अफूसारखी सुस्ती. १८९७ सालीं सिंगापूरच्या रिड्ले या वनस्पतिशास्त्रज्ञानें अफूच्या व्यसनावरचा उतारा म्हणून त्याची नोंद केली. पुन्हा तोच शब्द! १९०७ सालीं हूपर यानें त्यांतील मुख्य द्रव्य प्रथम वेगळें केलें. हा हूपर म्हणजे मुंबईच्या डॉ. डायमॉक यांच्यासह हिंदी औषधीवनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा गृहस्थ. १९४३ सालीं सयामनें या झाडावर बंदी घातली. त्याचें एक कारण असें कीं लोक कराची अफू सोडून फुकटचा पाला चावूं लागल्यानें सरकारचें उत्पन्न बुडत होतें. २०२१ सालीं थायलंडनें ती बंदी उठविली.

पाला निरुपद्रवी आहे काय? १९७५ सालीं सुवनलर्त या थाई वैद्यानें जुन्या सेवन करणारांची पाहणी केली. वजन घटणें, गालांची कातडी काळवंडणें आणि पाला न मिळाल्यास अंगदुखी व चिडचिड, हीं लक्षणें त्यास आढळलीं. चटक लागते, हें निश्चित. तरीही मूठभर पाला चावणाराची मात्रा पोटाच्या आकारानें आणि तोंडाच्या कडवटपणानें मर्यादित होती. खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. पाल्यांत ‘सात-हायड्रॉक्सी-मित्रगायनीन’ नांवाचें दुसरें द्रव्य अत्यल्प असतें. २००४ सालीं जपानी संशोधकांनीं गिनीपिगच्या आंतड्यावर प्रयोग केले, त्यांत मित्रगायनिनाचा जोर मॉर्फिनाच्या सुमारें चौथाई, तर या दुसऱ्याचा मॉर्फिनाच्या सुमारें तेरापट भरला. आंतड्यावरील आंकडा माणसास जसाच्या तसा लागू होत नाहीं. ही द्रव्यें त्या ग्रहणस्थानांस अर्धवटच चेतवितात, व म्हणून त्यांनीं श्वास मॉर्फिनाइतका दबत नसावा, असेंही कांहीं शास्त्रज्ञांचें म्हणणें आहे. परंतु दारू किंवा झोंपेच्या गोळ्यांबरोबर तीं घेतलीं म्हणजे हें आश्वासन फोल होतें. असें असतां अमेरिकेंत या दुसऱ्या द्रव्याच्या गोळ्या बनवून, पाल्याच्या नांवावर, साध्या दुकानांतून विकूं लागले. जुलै २०२५ मध्यें तेथील औषधखात्यानें त्यावर कडक नियंत्रण घालण्याची शिफारस केली, व आपला रोख पाल्यावर नसून या तीव्र द्रव्यावर आहे असें सांगितलें. हा भेद करण्यास जगास अफूच्या बाबतींत शंभर वर्षें लागलीं होतीं.

येथें कोणी म्हणेल, मग हें सारें कुळच बुडवून टाकावें. आम्हांस तें मान्य नाहीं. १९८५ च्या कायद्याच्या धाकानें इस्पितळांनीं मॉर्फीन ठेवणेंच सोडलें, आणि हजारों कर्करोगी वेदनेंत तळमळत गेले. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून ही चूक अंशतः सुधारली. आमच्या शहरांतील शासकीय कर्करोग रुग्णालयांत साऱ्या मराठवाड्यांतून रोगी येतात. त्यांपैकीं शेवटच्या अवस्थेंतील माणसास मॉर्फीन नाकारणें हें त्यास पोस्त पाजण्याइतकेंच निर्दय होय. तेथें मात्रा ठरविणारा हात रोग्याच्या बाजूचा आहे, आणि तेवढ्यानें द्रव्याचा अर्थ बदलतो.

परंतु बाजाराचा हात कोणाच्या बाजूचा आहे? २०२५ सालच्या फेब्रुवारींत उघड झालें कीं मुंबईची एक औषधकंपनी टॅपेंटॅडॉल हें अफूच्या कुळाचें वेदनाशामक दुसऱ्या एका गुंगीच्या औषधांत मिसळून पश्चिम आफ्रिकेंत धाडीत होती, व तेथील तरुण त्याचे गुलाम होत होते. केंद्र सरकारनें त्या मिश्रणाची निर्मिति आणि निर्यात थांबविली. दोनशें वर्षांपूर्वीं मुंबई बंदरांतून चीनकडे जाणाऱ्या पेट्या ज्यास आठवतात त्यास हें वृत्त नवें वाटणार नाहीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें आमच्या शहरांत व पैठणच्या औद्योगिक वसाहतींत महसूल गुप्तचरांनीं कोकेन, मेफेड्रोन व केटामीन यांचे साठे पकडले. हीं द्रव्यें निराळ्या कुळांतलीं. पण नाथांच्या पैठणांत तीं सांपडावीं, यावरून हा व्यापार किती जवळ आला आहे तें दिसतें. झोंपेच्या गोळ्यांस तर येथील गल्लींत ‘बटण’ असें लाडकें नांव पडलें आहे. बाळगोळीलाही तसेंच लाडकें नांव होतें.

म्हणून आमचें सुजाण कुटुंबांस इतकेंच सांगणें आहे. उद्यां एखादी बाटली, पूड अथवा गोळी ‘झाडपाल्याची’ म्हणून घरांत आली, तर ती झाडाची आहे कीं कारखान्याची, या वादांत पडूं नये. अफूही झाडाचीच होती. तिच्यांत मूळ पाल्याचा जोर किती पटीनें दाटला आहे, ती बंद केल्यास अंग काय मागतें, आणि ती देणाराचें हित आपण बरें होण्यांत आहे कीं आपण पुन्हा येण्यांत आहे, हें विचारावें. आणि घरांतील कोणी त्या पेल्याशीं आधींच बांधला गेला असेल, तर त्यास शिव्या देण्यापूर्वीं वैद्याकडे न्यावें. सुटकेची वाट आहे. देखरेखीखालीं मात्रा उतरविण्याचे उपचार आज उपलब्ध आहेत, आणि ज्यांनीं ती वाट चालून पाहिली अशीं माणसें आपल्या ओळखींतही असतील. ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत विनंति करणाऱ्या राजपुत्राचें ऐकणारें कोणी नव्हतें. आपल्या घरांतील मनुष्याचें ऐकणारें कोणी असावें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.